मुक्कामाचा अभिप्राय : गोड, खरा की मुका?
(तृतीय वर्ष, कला शाखा)

सुट्टीत परगावी जावे, चार दिवस कोणाच्या तरी भाड्याच्या घरात राहावे, घर मनासारखे निघू नये, आणि परत आल्यावर मोबाईलवर प्रश्न यावा : ‘आपला मुक्काम कसा झाला?’ प्रश्नाखाली पाच चांदण्या आणि चार ओळींची मोकळी जागा. हा अनुभव आता आपल्यापैकी अनेकांना नवा राहिलेला नाही. वरवर पाहता ही बाब इतकी क्षुल्लक आहे, की वार्षिक अंकाची पाने तिच्यासाठी खर्ची घालावीत काय, अशी शंका वाचकांना येईल. परंतु नीतिशास्त्राच्या तासाला आपण ज्या प्रश्नांची चर्चा करतो, ते या चार ओळींच्या जागेत एकत्र येऊन उभे राहतात. खरे बोलण्याचे बंधन कोठपर्यंत? ज्याचे मीठ खाल्ले त्याचे उणे चव्हाट्यावर मांडावे काय? आणि ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, पुढेही पाहणार नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य असते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा, एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधारे, विचार करण्याचे योजिले आहे.

१. अभिप्राय वाचतो कोण?

प्रवाशाने मुक्कामाच्या जागी काही लिहून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक यांसारख्या क्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. यात्रेकरू आपले नाव, गाव, कूळ लिहितो. दोन पिढ्यांनी नातू आला म्हणजे त्याला आजोबांचे हस्ताक्षर दाखविले जाते. पण ही नोंद वंशाची. उपाध्यायाच्या घरी अंथरूण कसे होते, हे त्या वहीत लिहायचे नसते.

इंग्रजी अमदानीत डाकबंगल्यांतून शेऱ्यांची वही आली. तिच्यात मुक्कामी साहेब खानसाम्याविषयी बरेवाईट लिहीत, आणि ते वाचणारा असे वरिष्ठ अधिकारी. सामान्य प्रवाशाच्या सरायांसाठी १८६७ साली सराय कायदा झाला. सराय चालविणाऱ्याने खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि पाण्याच्या जागा स्वच्छ ठेवाव्यात, पहारेकरी नेमावेत आणि दरपत्रक सर्वांना दिसेल असे लावावे, ही कर्तव्ये त्यात घातलेली होती. मुक्कामाचे दर आणि मुक्कामाची सुरक्षितता ही प्रवाशाला आधी कळली पाहिजेत, हा विचार दीडशे वर्षांपूर्वीच मान्य झालेला होता, एवढे त्यावरून दिसते.

यापुढचे पाऊल महात्मा गांधींच्या एका लेखनात सापडते. १९१७ साली त्यांनी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी वृत्तपत्रांना सविस्तर पत्र लिहिले. मुंबई ते मद्रास प्रवासात २२ उतारूंच्या डब्यात ३५ पर्यंत माणसे कशी कोंबली गेली, संडासांची अवस्था काय होती, स्थानकांवरचे खाणे कसे होते, हे त्यांनी जसे पाहिले तसे मांडले. व्हाइसरॉय, सरसेनापती, राजेमहाराजे यांनी पूर्वसूचना न देता अधूनमधून तिसऱ्या वर्गाने प्रवास करून पाहावा, असेही सुचविले. या लेखनात शिवीगाळ नाही. आकडे आहेत, ठिकाणे आहेत आणि उपाय आहेत. ते वाचणारा कोणी एक अधिकारी नव्हता. सारा समाज होता.

आजच्या अभिप्रायाचे वेगळेपण येथेच आहे. तो उपाध्यायासाठी नसतो, वरिष्ठासाठी नसतो. तो वाचतो पुढचा प्रवासी, आणि त्यावर विसंबून पैसे भरतो. म्हणजे व्यवहारात घर देणारा आणि घेणारा असे दोघेच दिसत असले तरी अभिप्रायाच्या वेळी एक तिसरा माणूस तेथे हजर असतो. तो दिसत नाही म्हणून त्याला विसरणे सोपे जाते.

२. गोड बोलण्याची किंमत

या तिसऱ्या माणसाचे महत्त्व अर्थशास्त्राने चांगले दाखवून दिले आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा मग प्रत्येकच गाडीला बेताची किंमत देऊ लागतो. तेवढ्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि वाईट तेवढ्या उरतात. आपल्याकडच्या बैलबाजारात हिंडलेल्या कोणाही शेतकऱ्याला हे शिकवावे लागणार नाही. बैलाचे दात तो स्वतः बघतो, पण ओळखीच्या माणसाला विचारल्यावाचून दाव्याला हात घालत नाही.

दूरच्या घराचे दात आपल्याला बघता येत नाहीत. आपल्याजवळ असतात फक्त छायाचित्रे आणि आधीच्या पाहुण्यांचा शब्द. तो शब्दच सरसकट गोड झाला तर काय होईल? बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली एअरबीएनबी या घरे भाड्याने देणाऱ्या व्यवस्थेतील जगभरच्या सुमारे ६ लाख जागांचे गुण तपासले. सुमारे ९५ टक्के जागांना पाचपैकी साडेचार किंवा पाच चांदण्या होत्या! हॉटेलांचे गुण देणाऱ्या दुसऱ्या एका ठिकाणी तीच सरासरी ३.८ निघाली. ज्या परीक्षेत शंभरातले पंचाण्णव विद्यार्थी विशेष श्रेणीत येतात, त्या परीक्षेच्या गुणपत्रिकेवरून आपण काय ओळखणार?

या गोडव्याची कारणे उघड आहेत. यजमानाला आपण तोंडाने बोललेलो असतो, त्याच्या हातचे जेवलेलो असतो. हॉटेलच्या व्यवस्थापकाशी असा संबंध येत नाही. शिवाय येथे यजमानही पाहुण्याला गुण देतो, त्यामुळे ‘तू माझी झाक, मी तुझी झाकतो’ असा व्यवहार होतो. ही भीती कमी व्हावी म्हणून त्याच व्यवस्थेने २०१४ साली नियम बदलला : दोघांनीही लिहिल्यावर, किंवा १४ दिवस उलटल्यावरच, दोघांचे अभिप्राय एकदम उघडे व्हावेत. भीती अशा नियमाने कमी होऊ शकते. भीड मात्र नियमाने जात नाही.

३. आमचे प्रकरण

आता ज्या प्रकरणावरून हा लेख सुचला ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच मैत्रिणी, तिघी नांदेडच्या आणि दोघी लातूरच्या, कोकणात गेलो होतो. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथल्या मुलींना समुद्राचे किती अप्रूप असेल, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगावयास नको. लातूरहून एस.टी.ने कोल्हापूर आणि तेथून घाट उतरून आम्ही किनाऱ्याजवळच्या एका गावी पोहोचलो. तीन रात्रींचे ७,५०० रुपये, म्हणजे प्रत्येकीचे १,५००, आधीच भरलेले होते. एकीच्या वडिलांनी सोयाबीन विकल्यावर ते दिले होते.

जाहिरातीत लिहिले होते : समुद्रकाठी, दोन खोल्या, घरगुती जेवण. समुद्र निघाला टेकडीपलीकडे दोन किलोमीटरवर. दोनपैकी एका खोलीत घरातले सामान भरलेले होते, म्हणून पाचही जणी एकाच खोलीत निजलो. एवढ्यावर भागले असते. पाहुणेरावळे आले की एका सतरंजीवर सात जण झोपणारी आम्ही माणसे. पण न्हाणीघर आणि संडास परसात होते, परसाला लागून गावातली वाट होती, आणि दाराला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी खिळ्यांची भोके आणि गंजाचा डाग तेवढा शिल्लक होता. तिन्ही दिवस एकीने आत जायचे आणि दुसरीने बाहेरून दाराला पाठ लावून उभे राहायचे, असे चालले. रात्री तर दोघी उभ्या राहत.

याच घरातल्या काकूंविषयी दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अन्यायाचे होईल. काकू एकट्या राहत होत्या. घराची जाहिरात मुंबईतल्या मुलाने केलेली. काकूंना मोबाईलवरचे काही वाचता येत नव्हते. तांदळाची भाकरी, माशांची आमटी, सोलकढी असे त्यांनी आम्हांला पोटच्या मुलींसारखे वाढले. एकीला ताप आला तर रात्री उठून काढा दिला. निघताना प्रत्येकीच्या पिशवीत कोकमाची पुडी टाकली, पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाल्या, ‘‘बरा लिवा हां चेडवांनो. माजा घर ह्येच्यारच चलता.’’

परतीच्या एस.टी.त वाद सुरू झाला तो लातूर येईपर्यंत थांबला नाही. एक म्हणाली, ‘‘अन्नाला नावं ठेवू नयेत. पाच चांदण्या द्या आणि विषय संपवा.’’ दुसरी म्हणाली, ‘‘आपल्याला काय करायचंय बाई? काहीच नको लिहायला.’’ तिसरी गप्पच होती. मग तिने मोबाईल काढून त्या घराचे जुने अभिप्राय मोठ्याने वाचले. ते बारा होते. ‘प्रेमळ काकू’, ‘उत्तम जेवण’, ‘घरच्यासारखे वाटले’. बाराच्या बाराही अक्षरशः खरे! पण कडी एका रात्रीत गंजून पडलेली नव्हती. त्या बारांपैकी काहींनी तरी ते दार पाहिले असलेच पाहिजे. त्यांच्या मौनावर विसंबून आम्ही तेथे गेलो होतो.

४. तीन वाटा

आमच्यापुढे तीन वाटा होत्या : गोड लिहावे, मुके राहावे, किंवा खरे लिहावे. प्रत्येकीची बाजू नीट तपासून पाहू.

गोड लिहिण्याच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा उपकाराचा आहे. काकूंचे उत्पन्न थोडे, आमचे नुकसान तीन दिवसांचे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६१ साली मांडलेल्या उपयुक्ततावादाने हिशेब केला तर एका गरीब बाईचे पोट हे पाच मुलींच्या गैरसोयीपेक्षा जड भरेल, असे प्रथमदर्शनी वाटते. पण मिल यांच्या हिशेबात संबंधित सर्वांचे सुखदुःख धरावे लागते. पुढे त्या घरात येणाऱ्या प्रत्येक मुलीची ती रात्रही त्यात धरली पाहिजे. दाराशी उभे राहायला जिच्याबरोबर मैत्रीण नसेल, तिची तर आधी. मग पारडे फिरते.

जर्मन तत्त्ववेत्ते इमॅन्युएल कांट यांचे मत तर प्रसिद्धच आहे. १७९७ च्या आपल्या निबंधात त्यांनी परोपकारासाठीसुद्धा खोटे बोलण्याचा अधिकार नाकारला. त्यांचे टोक आपल्याला मान्य नसेल; बहुतेकांना ते नसतेच. परंतु त्यांची कसोटी येथे चपखल लागू पडते : मी जे करतो ते सर्वांनी केले तर चालेल काय? सर्वांनीच पाच चांदण्या दिल्या तर चांदणीला अर्थ राहत नाही, आणि मग आमच्या गोड शब्दाचा काकूंनाही काही उपयोग होत नाही. खोट्या स्तुतीचा लाभ बाकीचे खरे बोलत असतील तोवरच मिळतो.

मुके राहण्याची वाट सर्वांत सोयीची, कारण तिच्यात खोटेही बोलावे लागत नाही आणि वाईटपणाही येत नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो. पण ती म्हण स्वतःच्या मुठीविषयी आहे, दुसऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुठीविषयी नाही. ज्यांना घर आवडले ते लिहितात आणि ज्यांना नाही ते गप्प बसतात, असे झाले तर कोणीही खोटे न बोलता सारी वही खोटी होते. हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विचार करण्यासारखे वाटले.

राहिली खरे लिहिण्याची वाट. तिच्यातही एक धोका आहे, तो दुष्टपणाचा. मनात राग असला म्हणजे खरेपणाच्या नावाखाली माणूस सूड उगवतो. शिवाय शंभर खोल्यांच्या हॉटेलला आमच्या चार ओळींनी काही होत नाही. एकट्या बाईचा मात्र हंगाम जाऊ शकतो. यावर मला सुचलेले उत्तर असे : वस्तुस्थिती लहानथोर सर्वांच्या बाबतीत सारखीच सांगावी, पण शब्दांची धार समोरच्याच्या बळाकडे पाहून ठेवावी. आणि काकूंच्या मायेची परतफेड पुढच्या पाहुण्याच्या खिशातून करू नये. त्यांचे आभार मानायचे ते त्यांच्याजवळ, आपल्या तोंडाने, जमल्यास आपल्या पैशाने.

५. कायदा काय म्हणतो?

खरे लिहिले म्हणून कोणी अब्रुनुकसानीचा दावा लावील काय, अशी भीती आमच्यातल्या एकीला होती. अब्रुनुकसानीचे पूर्वीचे कलम ४९९ हे १८६० च्या भारतीय दंड संहितेत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५६ मध्ये आले आहे. त्याचे अपवाद वाचण्यासारखे आहेत. सार्वजनिक हितासाठी केलेले सत्य विधान हा पहिलाच अपवाद. स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान हाही अपवाद आहे. म्हणजे सत्य, लोकहित आणि सद्भावना या गोष्टी कायद्यालाही हव्या असतात. ‘दाराला कडी नव्हती’ हे विधान त्यात बसते. ‘ही माणसे लुबाडणारी आहेत’ हे बसेलच असे नाही.

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. वस्तू किंवा सेवेचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणे हा त्यात ग्राहकाचा हक्क मानलेला आहे. भारतीय मानक ब्युरोने तर नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठीच आय.एस. १९००० : २०२२ हे मानक काढले. अभिप्राय गोळा कसे करावेत, तपासावेत कसे आणि प्रसिद्ध कसे करावेत, याचे नियम त्यात आहेत. ज्या गोष्टीसाठी राष्ट्रीय मानक करावे लागते तिला क्षुल्लक म्हणणे बरे नव्हे.

६. आम्ही काय केले

आम्ही आधी काकूंच्या मुलाला दूरध्वनी केला आणि कडीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘‘आजवर कोणी तक्रार केली नाही.’’ त्याचे म्हणणे बरोबरच होते. कोणी केलेली नव्हती. आम्ही त्याला आठ दिवस दिले आणि मग पुन्हा विचारले. कडी अजून बसायची होती. त्यानंतर पाचही जणींनी मिळून मजकूर तयार केला तो असा :

‘जेवण उत्तम. काकू अतिशय मायाळू, आजारपणात त्यांनी आमची काळजी घेतली. समुद्र चालत दोन किलोमीटर आहे, वाटेत चढ आहे. दोन खोल्या सांगितल्या होत्या, एकच वापरता आली. न्हाणीघर व संडास परसात असून दाराला आतून कडी नाही, बाहेर दिवा नाही. मुली आणि वयस्क मंडळींनी हे विचारून मगच जावे. या दोन गोष्टी दुरुस्त झाल्यास घर चांगले आहे.’ चांदण्या तीन दिल्या.

काही गोष्टी मुद्दाम लिहिल्या नाहीत. एका संध्याकाळी वीज गेली होती. तो काकूंचा दोष नव्हता. घरातल्या अडचणी काकूंनी विश्वासाने सांगितल्या होत्या. त्या पाहुण्यांच्या उपयोगाच्या नव्हत्या. पाच चांदण्या मागणारी मैत्रीण शेवटपर्यंत नाराज होती. तिने सही दिली, पण ‘‘मला काकूंचं तोंड आठवतं,’’ असे म्हणाली. तिचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही आणि काढू इच्छीतही नाही. खरे लिहिताना ज्याला कोणाचेच तोंड आठवत नाही, त्याच्या हाती लेखणी न दिलेली बरी.

मुलाने उत्तरादाखल लिहिले की एवढ्या पैशांत विद्यार्थिनींनी राजवाड्याची अपेक्षा करू नये. ते वाचून वाईट वाटले. मात्र तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा जाहिरातीतला ‘समुद्रकाठी’ हा शब्द जाऊन ‘समुद्र दोन किलोमीटर’ असे आले होते, आणि नव्या छायाचित्रात परसात एक दिवा होता.

७. आपल्या गावापुरते

हा विचार कोकणच्या सुट्टीपुरता ठेवण्याचे कारण नाही. नांदेडला श्री हजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून यात्रेकरू येतात. माहूरला रेणुकामातेच्या आणि दत्तशिखराच्या दर्शनाला येणारा शेतकरी रात्रीपुरती खोली शोधतो. लातूरला ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे दहावी झालेली मुले खेड्यापाड्यांतून येतात आणि दोन-दोन वर्षे भाड्याच्या खोलीत व खाणावळीवर काढतात. त्यांचे आईबाप कशावर विसंबून खोली ठरवितात? आधीच्या वर्षीच्या मुलाच्या शब्दावर. ‘‘बरी हाय की खोली,’’ हे चार शब्द तो भिडेपोटी बोलतो आणि एका पोराची दोन वर्षे त्यावर ठरतात. तेथे तर मुक्काम तीन रात्रींचा नसतो.

म्हणून एक सूचना मांडते. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात खोल्या आणि खाणावळी यांविषयी एक वही ठेवावी. लिहिणाऱ्याने चार गोष्टी पाळाव्यात : स्वतः पाहिलेले तेच लिहावे, सांगितले काय होते आणि मिळाले काय, हे शेजारीशेजारी मांडावे, चांगले असेल ते वगळू नये, आणि मालकाला आधी तोंडावर सांगून दुरुस्तीला अवधी दिल्याशिवाय लिहू नये. मालकालाही उत्तरासाठी त्याच पानावर जागा असावी. प्राध्यापकांपैकी कोणी या वहीवर देखरेख ठेवण्याचे मान्य केल्यास येत्या जूनपासूनच ती सुरू करता येईल. नव्याने गावात येणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात ती दाखवावी, आणि जाणाऱ्यांनी निकाल घ्यायला येताना तिच्यात एक पान लिहावे, अशी विनंती आहे.